लांब पल्ल्याचा हवामान अंदाज आणि त्यासाठीचा कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहितो, राहायला कोपरखैरण्याला, गाव मुरबाडकडे आणि तिथे चुलतभाऊ अजून भात लावतो. हवामानशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही. पण मे २०२५ मध्ये जो घोळ झाला त्यानंतर हा विषय डोक्यात बसला, मी वाचत गेलो, आणि मग गाळ्यावर, सोसायटीत, गावाला सगळेच मला विचारायला लागले की बाबा हा अंदाज कोण काढतं आणि तो नीट यावा म्हणून सरकार काही कायदाबियदा करतं की नाही. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मे २०२५ मध्ये नक्की काय झालं होतं?

मुंबई-ठाण्याकडे मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे ला आला, गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता. हवामान खात्याने १० मे ला सांगितलं होतं की केरळात २७ मे च्या आसपास येईल, चार दिवस इकडेतिकडे. तो आला २४ ला, म्हणजे अंदाज बरोबरच निघाला. पण आमच्या गाळ्यावर सगळ्यांनी बोटं मोजली की केरळ ते मुंबई दहा दिवस लागतात, म्हणजे आपल्याकडे सहा-सात जून, अजून वेळ आहे. ताडपत्रीवाल्याला १ जूनचं सांगून ठेवलेलं. आणि हा पठ्ठ्या केरळातून निघाला तो दोन दिवसांत इथे हजर. त्यात २४ ला कोकण किनाऱ्यावर एक कमी दाबाचं क्षेत्रही धडकलेलं, त्यामुळे रपारप सुरू. गाळ्याबाहेर थप्पी लावलेली, खालच्या दोन रांगा भिजल्या, गोणीचा तळ काळा पडला आणि तिसऱ्या दिवशी वास सुटला. तो कांदा निवडायला बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावला होता, अजून आठवतं. बाहेर रस्त्यावर नाल्यातून काढलेला गाळ कडेला सुकायला ठेवलेला, तो पहिल्या पावसात परत नाल्यातच गेला, कारण सफाईची मुदत ३१ मे होती आणि पावसाला ती कुणी कळवली नव्हती.

एवढं पुराण लावलं कारण पुढचे सगळे प्रश्न इथूनच निघतात.

लांब पल्ल्याचा अंदाज म्हणजे कुठला? रोज मोबाईलवर येतो तो का?

नाही. मोबाईलवर "पुढच्या तीन तासांत विजांसह पाऊस" येतं तो तात्काळ अंदाज. मग दोन-तीन दिवसांचा, मग साधारण आठ-दहा दिवसांचा. त्याच्या पुढे दोन ते चार आठवड्यांचा, याला विस्तारित अंदाज म्हणतात, हा आपलं खातं दर गुरुवारी काढतं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच आहे पण कुणी बघत नाही. आणि त्याच्याही पुढे महिना, पूर्ण हंगाम, तो खरा लांब पल्ला. एप्रिलच्या मध्यात जी बातमी येते ना, "यंदा सरासरीच्या १०५ टक्के पाऊस", ती ही.

अमेरिकेच्या कायद्यात याची व्याख्याच लिहून ठेवलीये. दोन आठवडे ते तीन महिने म्हणजे उपहंगामी आणि तीन महिने ते दोन वर्षं म्हणजे हंगामी. कायद्यात व्याख्या असली की एक बरं असतं, अधिकाऱ्याला "आम्ही करतोच आहोत की" असं म्हणून दहा दिवसांचा अंदाज पुढे सरकवता येत नाही.

उद्याचं धड सांगता येत नाही, मग चार महिन्यांचं काय सांगणार?

हा प्रश्न शंभरातले नव्वद जण विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. मार्केटमधलं उदाहरण देतो. उद्या पहाटे लासलगावहून किती गाड्या लागतील, पहिली चारला येईल की साडेपाचला, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. पण एप्रिल-मे मध्ये उन्हाळ कांद्याची आवक वाढणार हे मी जानेवारीतच सांगू शकतो, कारण लागवड किती झाली ते माहिती असतं. दोन्ही अंदाजच, पण दोघांचा आधार वेगळा.

हवामानाचं तसंच. हवा फार चंचल, सुरुवातीच्या मोजमापात बारीकशी चूक असली तरी ती दिवसागणिक फुगत जाते, त्यामुळे अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस हे साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगताच येत नाही, कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. एडवर्ड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. पण समुद्र हवेसारखा चंचल नाही. तो हळू तापतो, हळू थंड होतो, महिनोनमहिने उष्णता धरून ठेवतो आणि वरच्या हवेला एका बाजूला ढकलत राहतो. प्रशांत महासागराचा मधला-पूर्वेचा पट्टा नेहमीपेक्षा तापला की एल निनो, थंड झाला की ला निना. एल निनोच्या वर्षी आपला मान्सून कमजोर पडायची शक्यता वाढते. शक्यता म्हणतोय मी, खात्री नाही. १९९७ ला केवढा जबरदस्त एल निनो होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग गरम आणि पूर्वेकडचा थंड असला की तो कधीकधी आपल्याला वाचवतो, २०१९ ला तसंच काहीसं झालं आणि पाऊस ११० टक्क्यांवर गेला. उलट २०२३ ला एल निनोने ऑगस्ट कोरडा घातला, १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता, तरी पूर्ण हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला.

आणि दोन-चार आठवड्यांसाठी अजून एक गोष्ट असते, विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा एक मोठा पट्टा, तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला चक्कर मारतो. तो आपल्या बाजूला असला की पावसाला जोर, पुढे गेला की खंड. गुरुवारच्या अंदाजात त्याची स्थिती लिहिलेली असते.

बरं, मग यात कायद्याचा काय संबंध? कायदा करून ढग ऐकतो का?

ढग ऐकत नाही, खातं ऐकतं. आणि खात्याला पैसे देणारे ऐकतात.

अमेरिकेत १८ एप्रिल २०१७ ला एक कायदा झाला, हवामान संशोधन आणि अंदाज नवोन्मेष कायदा, ट्रम्प यांची पहिली टर्म होती, त्यांनी सही केली. विधेयक आणलं होतं ओक्लाहोमाच्या फ्रँक लुकास यांनी, आणि ओक्लाहोमा म्हणजे टोर्नेडोचं माहेरघर, त्यामुळे त्यात टोर्नेडोचा इशारा एक तासापेक्षा जास्त आधी मिळावा असं उद्दिष्टच घातलंय. त्याच्या आधी २०१२ ला सँडी वादळाने न्यूयॉर्क-न्यूजर्सीची वाट लावली होती आणि तेव्हा युरोपच्या मॉडेलने आठवडाभर आधी ओळखलं की हे वादळ किनाऱ्याकडे वळणार, अमेरिकेचं स्वतःचं मॉडेल मात्र ते समुद्रात जाईल असं काही दिवस धरून बसलेलं. मोठ्या लोकांची नाक कापली गेली की काम लवकर होतं, इकडे काय नि तिकडे काय.

कायद्याचे पाच भाग आहेत आणि दुसरा अख्खा भाग लांब पल्ल्याच्या अंदाजाला दिलाय. तिथल्या हवामान सेवेने दोन आठवडे ते दोन वर्षांचे अंदाज काढायचे, ते सुधारायचे, लोकांना वापरता येतील अशा रूपात द्यायचे, आणि काय करणार आहात ते संसदेला लिहून द्यायचं. बाकीच्या भागांत खासगी कंपन्यांकडून उपग्रहाचा डेटा विकत घेऊन बघा, त्सुनामीचा इशारा सुधारा वगैरे. मला सगळ्यात आवडलेलं कलम मात्र अगदी छोटं आहे. प्रत्येक स्थानिक हवामान कार्यालयात एक माणूस असा असला पाहिजे ज्याचं कामच इशारा पुढे पोचवणं, म्हणजे स्थानिक प्रशासन, आपत्कालीन यंत्रणा, मीडिया यांच्याबरोबर बसणं, त्यांना नक्की काय लागतं ते समजून घेणं. याच्यावर परत येतो.

त्यासाठी पैसे किती दिले?

लांब पल्ल्याच्या भागासाठी २०१७ आणि २०१८ या दोन आर्थिक वर्षांना प्रत्येकी २ कोटी ६५ लाख डॉलर. पण इथे एक गोम आहे जी बातम्यांत कुणी सांगत नाही. तिकडे कायद्यात आकडा लिहिणं म्हणजे "एवढे खर्च करायला परवानगी", प्रत्यक्ष पैसे दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळे मंजूर करावे लागतात. सोसायटीवाल्यांना लगेच कळेल. एजीएमला टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव हात वर करून पास होतो, टाळ्या, चहा, वेफर्स, आणि पुढच्या पावसाळ्यात सातव्या मजल्यावर बादल्या लावलेल्याच असतात कारण फंड गोळाच झाला नाही.

आणि कायदा केला म्हणजे कायमचं झालं असंही नाही. २०१९ च्या जानेवारीत दुष्काळ माहिती यंत्रणेचा कायदा परत वाढवला तेव्हा त्यात एक नवीन केंद्र घातलं, बाहेरच्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनीही सरकारी मॉडेल सुधारायला हातभार लावावा म्हणून. २०१७ चा कायदा वाढवायचं विधेयक २०२४ ला खालच्या सभागृहात पास झालं पण वरच्यात अडकलं आणि त्या संसदेची मुदत संपली. म्हणजे कायदेवाल्यांनाही अडथळे आहेतच, उगाच तिकडे सगळं सोनं आहे असं समजू नका.

मग तिकडचा अंदाज सुधारला का?

हळूहळू. तापमानाचा हंगामी अंदाज बऱ्यापैकी, पावसाचा अजून कमजोर. समुद्राने जेवढी खबर दिली तेवढीच वापरता येते, कायद्याने जास्तीची खबर तयार होत नाही. कायद्याने होतं ते एवढंच की जी आहे ती वाया जाऊ न देण्यासाठी कुणीतरी पगारी माणूस बसतो आणि त्याला विचारणारं कुणीतरी असतं.

आपल्याकडे असा कायदा आहे का?

फक्त हवामान अंदाजासाठी म्हणून नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत ६८ व्या नोंदीत हवामान संस्था येतात, म्हणजे हा विषय केंद्राचा, राज्याने किंवा महापालिकेने यावर कायदा करायचा प्रश्नच येत नाही. खातं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली चालतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्यात पूर्वसूचना वगैरे येतं पण तो आपत्तीच्या बाजूने लिहिलेला, अंदाज सुधारा असं बंधन त्यात नाही. २०२५ ला त्यात दुरुस्ती झाली आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरणाची सोय आली, ती ठाणे-नवी मुंबईच्या कामाची होऊ शकते.

आपल्याकडे कायद्याऐवजी मिशन असतं. २०१२ ला मान्सून मिशन आलं, त्यात अमेरिकेचंच समुद्र आणि हवा एकत्र चालवणारं मॉडेल घेऊन पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते आपल्या मान्सूनसाठी घासूनपुसून तयार केलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन मौसमला मंजुरी दिली, दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये, रडार, उपग्रह, सुपरकॉम्प्युटर सगळं त्यात. त्याच महिन्यात पुण्यात 'अर्क' आणि नोएडाला 'अरुणिका' हे दोन नवीन सुपरकॉम्प्युटर सुरू झाले, दोन्हीचा मिळून खर्च ८५० कोटी. आणि मे २०२५ ला भारत फोरकास्ट सिस्टीम आली, ती सहा किलोमीटरचा चौकोन धरून हिशोब करते, आधी बारा होता. ही शेवटची मात्र जवळच्या दिवसांसाठी आहे, हंगामासाठी नाही, लोक यात गल्लत करतात.

मिशन असलं काय, कायदा असला काय, फरक काय पडतो?

मिशनला मुदत असते आणि ते मंत्रिमंडळाच्या मर्जीवर. पैसे भरपूर येतात, मशीन येतात, उद्घाटन होतं. पण "तुमचा अंदाज गेल्या दहा वर्षांत जिल्हावार किती बरोबर निघाला ते दरवर्षी संसदेत मांडा" असं बंधन घालायला कायदाच लागतो. पैशाच्या बाबतीत आपण मागे नाही, विचारण्याच्या बाबतीत आहोत.

पण आपल्याकडे हे काम नवीन आहे का?

अजिबात नाही, उलट जगात सगळ्यात आधी हे आपल्याकडेच सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल. हवामान खातं १८७५ चं. १८७७ ला मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर इंग्रज सरकारने खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना सांगितलं की पुढच्या पावसाचं काही सांगता येतं का बघा. त्यांनी हिमालयातल्या बर्फावरून ताळा लावला, जास्त बर्फ म्हणजे कमी मान्सून, १८८२ पासून काही वर्षं चाचपणी केली आणि ४ जून १८८६ ला पहिला अधिकृत अंदाज निघाला. मग गिल्बर्ट वॉकर आले, हे मूळचे गणिती, १९०४ ते १९२४ खात्याचे प्रमुख. भारताच्या पावसाचा संबंध शोधता शोधता त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे मांडले आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांना दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो हे शोधून काढलं. आज एल निनो एल निनो म्हणून जे जगभर चाललंय त्याची अर्धी गोष्ट मान्सूनच्या अंदाजाच्या नादात सापडलीये. पुण्याला शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला अजून लोक शिमला ऑफिस म्हणतात, कारण ऑफिस १९२८ ला शिमल्याहून तिथे आलं.

मग आपले वसंतराव गोवारीकर. १९८८ ला त्यांचं सोळा घटकांचं मॉडेल आलं, तेव्हा मी शाळेत होतो आणि वर्तमानपत्रात ते सोळा घटक चौकटीत छापून यायचे, कुठला अनुकूल कुठला प्रतिकूल. आमच्या आजोबांना ते पाठ होते! बरीच वर्षं ते चाललं आणि २००२ ला आपटलं. अंदाज होता सामान्य पावसाचा, पडला ८१ टक्के. तिथून पद्धती बदलत गेल्या, अंदाज दोन टप्प्यांत यायला लागला, एप्रिलमध्ये एक आणि नंतर एक सुधारित, जो हल्ली मे अखेर येतो. तरी २००९ ला परत फटका बसला, सांगितलं ९६ आणि पडला जेमतेम ७८ टक्के. २०२१ पासून एकाच मॉडेलवर विसंबत नाहीत, अनेक मॉडेल एकत्र करतात, आणि हल्लीची वर्षं बरी गेलीत. २०२४ ला अंदाज १०६, पडला १०८. २०२५ ला एप्रिलचा अंदाज १०५, मे चा १०६, पडला १०८.

१०५ टक्के म्हणजे ठाण्यात पाच टक्के जास्त पाऊस का?

नाही नाही नाही. हे तर मी गाळ्यावर कागदावर लिहून चिकटवणार होतो. तो आकडा अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबरचा. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, १९७१ ते २०२० वरून काढलेली. ९६ ते १०४ म्हणजे सामान्य. देशात सामान्य पाऊस असून मराठवाडा कोरडा आणि आपल्याकडे रेल्वे बंद, असं किती वेळा झालंय. आणि जागेचा फरक तर काय सांगू, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. कुलाब्याच्या माणसाला त्या दिवशी छत्री पुरली असती.

त्यामुळे हंगामी अंदाजावरून घोडबंदरला पाणी भरेल का हे ठरवू नका. ते रडारचं आणि भरती-ओहोटीचं काम. नवी मुंबईत तर भरती जास्त महत्त्वाची, कारण बराच भाग खाडीत भर घालून केलेला आणि भरतीच्या पातळीपेक्षा खाली. सिडकोने डच पद्धतीने होल्डिंग पाँड बांधलेत, भरती आली की झडपा आपोआप मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तळ्यात गाळ असला तर थांबायला जागा उरत नाही.

मग सामान्य माणसाला लांब पल्ल्याच्या अंदाजाचा उपयोग तरी काय?

माझ्या चुलतभावाचं सांगतो. मुरबाडकडे भात तीन तऱ्हेचं, हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर तयार होतं, उत्पन्न कमी. गरव्याला वेळ लागतो, पाऊस शेवटपर्यंत लागतो, पण दाणा चांगला. सप्टेंबर बरा जाणार असा कल असेल तर दादा खालच्या पाणथळ खाचरात गरवं टाकतो, नाहीतर माळावर हळव्यावर भर देतो. हे बियाणं मे मध्ये घ्यावं लागतं. म्हणजे एप्रिल-मे चा अंदाज त्याला खरोखर लागतो, पण देशाचा आकडा घेऊन तो काय करणार, त्याला ठाणे जिल्ह्याचा सप्टेंबर पाहिजे.

आणि २०२५ चं पुढचं ऐका. २६ मे ला पाऊस आला म्हणून गावात दोघातिघांनी घाईने पेरा केला. मग २९ मे च्या सुमारास मान्सून जो थबकला तो १६ जूनपर्यंत पुढे हललाच नाही. दादाने वाट बघितली, कारण मी त्याला गुरुवारचा विस्तारित अंदाज फोनवर वाचून दाखवला होता. तो मला म्हणाला, "तुझा तो कागद बरोबर निघाला, पण मला कळायला तू लागलास ना." याच्यावर मला उत्तर सुचलं नाही.

धरणांसाठीही तेच. नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे, ठाण्याकडे बारवी-भातसा. एल निनोचं वर्ष येतंय असा कल हिवाळ्यात दिसला तर पाणीकपात फेब्रुवारीत थोडी-थोडी सुरू करता येते, मे मध्ये एकदम गळा आवळावा लागत नाही. अर्थात फेब्रुवारीत कपात करणाऱ्याला शिव्या पडतात आणि पाऊस चांगला झाला तर जास्तच पडतात, म्हणून कुणी करत नाही.

अंदाज चुकला तर कुणाला धरायचं? केस करता येते का?

२०१७ ला बीड जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती, चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली आणि पाऊस गायब. राग समजण्यासारखा आहे. पण जो अंदाज "साठ टक्के शक्यता" म्हणतो तो चाळीस टक्के वेळा चुकणारच, तेही सांगितलेलंच असतं. आणि प्रत्येक चुकीला पोलीस स्टेशन दाखवलं तर खातं काय करेल? गुळमुळीत बोलायला लागेल, "काही ठिकाणी तुरळक". ब्रिटनमध्ये २००९ ला हवामान खात्याने उन्हाळा मस्त बाहेर बसून बार्बेक्यू करण्यासारखा जाईल असं सांगितलं, जुलै पावसात गेला, लोकांनी इतकी टर उडवली की २०१० ला त्यांनी लोकांसाठीचे हंगामी अंदाज जाहीर करणंच बंद केलं. नुकसान कुणाचं? म्हणून मला वाटतं शिक्षा नको, हिशेब हवा. मी खाती लिहितो, चूक झाली तर फाशी देत नाहीत, पण वर्षअखेर ताळेबंद सगळ्यांसमोर ठेवावा लागतो.

एआयने आता हे सगळं सुटेल ना?

काही प्रमाणात. २०२५ ला कृषी मंत्रालयाने १३ राज्यांत सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एआयवर आधारित मान्सून आगमनाचे अंदाज एसएमएसने पाठवले आणि मधे पाऊस थबकणार हेही त्यात आलं होतं. चांगलं काम आहे. पण एआय शिकतं जुन्या नोंदींवरून, आणि नोंदी हव्या असतील तर गावोगाव पर्जन्यमापक नीट चालले पाहिजेत. ते काम चकचकीत नाही म्हणून मागे पडतं.

आणि पंचांगातलं? मृगाचं वाहन बेडूक असलं की...

माझ्या आईला विचारा. ती वाहन बघते, मी गुरुवारचा कागद बघतो, आणि पापड दोघंही मे च्या आधीच वाळवतो.

आपल्याकडे कायदा झालाच तर त्यात काय असावं असं तुम्हाला वाटतं?

जिल्हावार ताळेबंद तर हवाच, ते वर आलं. पण माझी खरी मागणी दुसरी आहे. सगळे कायदे अंदाज काढणाऱ्याला बांधतात, अंदाज घेणाऱ्याला कुणी बांधत नाही. २०२५ ला १० मे ला केरळची तारीख आली होती. सरासरी १ जूनच्या चार-पाच दिवस आधी. त्या दिवशी नालेसफाईची मुदत ३१ वरून २० वर आणायची कुणाची जबाबदारी होती? कुणाचीच नाही. ठेकेदाराच्या कागदावर ३१ मे, म्हणून ३१ मे. आमच्या ताडपत्रीचं पण तेच, मी स्वतः फोन केला असता तर आली असती, मी नाही केला, बोटं मोजत बसलो. म्हणून कायद्यात असं पाहिजे की गुरुवारचा अंदाज आला की ज्यांच्या कामाला पावसाची तारीख लागते, नाले, होल्डिंग पाँड, धरण, बाजार समिती, त्यांनी लेखी उत्तर द्यायचं, "बघितला, तारीख बदलली" किंवा "बघितला, बदलत नाही, कारण हे". बस. आणि अमेरिकेच्या कायद्यातला तो इशारा पोचवणारा माणूस, तो मला प्रत्येक तालुक्यात आणि प्रत्येक वॉर्डात हवाय, म्हणजे दादाला फोनवर मी लागणार नाही.

शेवटचं. मुलीचं लग्न १२ जूनचं ठरलंय ठाण्यात. लॉन घेऊ की हॉल? आत्ता जानेवारी आहे.

हा प्रश्न खरंच आला, आमच्याच बिल्डिंगमधून. जानेवारीत १२ जूनच्या त्या एका दिवसाचा अंदाज जगात कुणीच देऊ शकत नाही, जो देतो तो पैसे घेऊन देतो. पण त्यासाठी अंदाज लागतच नाही. सरासरी तारीख ११ जून आहे हो वहिनी. हॉल घ्या.